मदतीला मनाई करणारं कलम मागे घ्या : किनारा समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
किनारा व्यवस्थापन समिती

सस्नेह नमस्कार.

नव्या हंगामाची नियमावली तुम्ही किनाऱ्यावर लावलीत, ती मी सगळी वाचली. त्यातले बरेच नियम शहाणपणाचे आहेत. पोहणाऱ्यांचा पट्टा वेगळा केलात, हे फार आधीच व्हायला हवं होतं. हेल्मेट, पाण्यात उतरण्याआधी क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ एका झटक्यात सोडवणारी कळ, ओढून बघण्याची सक्ती, वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल तर काइट (मोठ्या पतंगाच्या ओढीनं बोर्डवरून पाण्यावर सरकणं) आणि विंडसर्फिंगला (शीड लावलेल्या बोर्डवरून सरकणं) बंदी, हे सगळं मान्य. मतलई वाऱ्यात उतरणाऱ्या उत्साही मंडळींना थोपवण्यात आमचा घसा कोरडा पडायचा, आता ते काम पाटी करते. त्याबद्दल आभारच.

माझा आक्षेप एका कलमावर आहे. सदस्यांनी अनोळखी व्यक्तीचा काइट लाँच (हवेत सोडणं) किंवा लँड (खाली उतरवणं) करून देऊ नये, पाण्यात कुणी अडचणीत दिसल्यास स्वतः जाऊ नये, नेमलेल्या कर्मचाऱ्याला कळवावं आणि थांबावं. न ऐकल्यास सदस्यत्व स्थगित. याबद्दल मी समितीकडे रीतसर अर्ज दिला होता. उत्तर आलं नाही. मधल्या काळात कलमाची अंमलबजावणी मात्र सुरू झाली, म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर.

मी काइट उडवतो आणि वारा मऊ असेल त्या दिवशी विंडसर्फिंगचं मोठं शीड बाहेर काढतो. शर्यतीबिर्यतीतला माणूस नाही. माझ्यासारखे हौशी लोक किनाऱ्यावर बहुसंख्य आहेत, आणि आम्हाला पाण्यातून धड परत आणणारी व्यवस्था कुठली, तर शेजारी कोण उभा आहे ही. तो शेजारी बहुतेक वेळा अनोळखी असतो. वारा जिथे लागतो तिथे लोक गाडी वळवतात, चार तास खेळतात आणि निघून जातात. ओळखीपाळखीची वाट बघत बसलो तर आम्हाला वर्षातून मोजून थोडेच दिवस पाण्यात उतरता येईल.

समितीतल्या सगळ्यांनीच काइट हाताळला असेल असं नाही, म्हणून लाँचिंग म्हणजे नेमकं काय ते सांगतो. वीस-बावीस मीटर लांबीच्या चार लाइन्स. एका टोकाला मी, कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, बार (काइट वळवायचा दांडा) अडकवलेला. दुसऱ्या टोकाला हवा भरलेला काइट आणि तो धरून उभा असलेला माणूस. तो पुढच्या फुगीर कडेला मधोमध धरतो, काइट एका टोकावर उभा करतो. ब्रायडल, म्हणजे काइटच्या कडेच्या आखूड दोऱ्या, कुठे अडकलंय का बघतो. मग त्याची नजर एकेका लाइनवरून सरकत माझ्यापर्यंत येते, पीळ आहे का, एखादी लाइन बारच्या टोकाला गुंडाळलेली राहिलीय का. मी दोन पावलं वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरकतो, काइटची फडफड थांबते, कापड ताणलं जातं. मी अंगठा वर करतो. तो काइट फेकत नाही, ढकलत नाही, नुसता सोडतो आणि मागे होतो.

त्या अर्ध्या मिनिटात माझ्या हाडांची जबाबदारी त्या माणसावर असते. पुष्कळदा मला त्याचं नावही माहीत नसतं.

उतरवताना उलट. मी पाण्यातून येतो, एका हातानं डोक्यावर थोपटतो. म्हणजे, काइट उतरवायचाय, कुणी धराल का? ही खूण कुठल्याही देशातल्या काइटसर्फरला कळते, तिला भाषा लागत नाही. जवळचा जो कुणी रिकामा असेल तो हातातलं टाकून उठतो. आणि इथे तुमचं कलम आडवं येतं. लाँचिंगसाठी रांग लावता येते, वाट बघता येते. लँडिंगसाठी येत नाही. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढते. १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा ३० नॉटवर गेला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. वादळी ढग सरकत आलेला असतो, सगळेच एकदम बाहेर पडत असतात, प्रत्येकाच्या डोक्यावर काइट ताणलेला असतो आणि तुमचे नेमलेले कर्मचारी दोन. ती मुलं कामसू आहेत, त्यांच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पण अशा वेळी तिसऱ्या माणसानं काय करावं? त्याच्यापासून दहा पावलांवर ज्याला हे काम डोळे मिटून जमतं असा कुणीतरी उभा असतो आणि तो नियमाकडे बघून हात बांधून उभा राहतो. गेल्या महिन्यात मी हे दृश्य बघितलंय. ज्याचा काइट होता त्यानं शेवटी क्विक रिलीज ओढून काइट वाळूवर पाडला. लागलं कुणालाच नाही, पण काइटखाली कुणीही सापडू शकलं असतं.

संध्याकाळी कर्मचारी घरी जातात, हे वेगळं सांगायला नको. वारा मात्र कार्यालयाच्या वेळा पाळत नाही. खारे वारे दुपारनंतर भरतात आणि आमच्यातले नोकरदार तेव्हाच येतात.

हे कलम का आलं, हेही मला माहीत आहे आणि ते लपवून मला वाद जिंकायचा नाही. मागच्या हंगामात फिरायला आलेल्या एका गृहस्थांना कुणीतरी काइट धरायला सांगितलं. त्यांनी तो उलटा धरला, वेळेआधी सोडला, आणि काइटवाला वाळूवरून फरफटत जाऊन त्याचा खांदा निखळला. तक्रार झाली, विम्याचा प्रश्न आला, समितीवर बोट रोखलं गेलं. तुमची काळजी खोटी नाही. ज्याला येत नाही त्याच्या हातात काइट देणं हा मूर्खपणाच आहे. पण त्या अपघाताचं कारण तो माणूस अनोळखी होता हे नव्हतं, त्याला काम माहीत नव्हतं हे होतं. ओळखीचा मेहुणा असता तरी खांदा निखळलाच असता. ज्यांना येतं त्यांना मनाई करून ज्यांना येत नाही ते शिकणार नाहीत. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

आता पाण्यातल्या मदतीबद्दल. इथे मला जरा थांबावं लागेल, कारण मी हे लिहू शकतोय तेच एका अनोळखी माणसामुळे.

त्या दिवशी वारा बसला. कमी झाला नाही, बसला. पाच मिनिटांत पाणी काचेसारखं झालं. माझा काइट पाण्यावर आडवा पडला, पुन्हा उचलायला वाराच नव्हता, आणि ओहोटी सुरू झालेली. किनारा हळूहळू लांब जातोय हे कळत होतं. मी शिकवल्याप्रमाणे क्विक रिलीज ओढला, लाइन्स बारवर गुंडाळत काइटकडे सरकायला लागलो. अशा वेळी बोटं ऐकत नाहीत. एक लाइन पायात आली, ती काढली, पुन्हा आली. तेवढ्यात एक विंडसर्फर दिसला. त्याच्याकडेही वारा नव्हताच, शीड हातानं पंपासारखं मागेपुढे हलवत तो माझ्या दिशेनं येत होता. दहाएक मीटरवर येऊन थांबला. बोलण्याचा प्रयत्न केला, दोघांनाही एकमेकांची भाषा कळेना. मग त्यानं माझ्या लाइन्सकडे बोट दाखवलं आणि हातानं गुंडाळल्यासारखं केलं. आधी ते पूर्ण कर, मग मी जवळ येतो. मोकळ्या लाइन्समध्ये शिरून तोही अडकला असता तर पाण्यात एकाच्या जागी दोघं झाले असते. एवढं शहाणपण असलेला माणूस भेटणं हे माझं नशीब.

लाइन्स गुंडाळून झाल्यावर तो जवळ आला, शीड पाण्यात टाकलं, बोर्डवर बसला. माझा सुटलेला बोर्ड त्यानं वाटेत उचलून आणला होता. मग दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून सावकाश वर, सावकाश खाली करायला लागला. संकटाची ही खूण समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नोंदलेली आहे. किनाऱ्यावर कुणीतरी ती ओळखली आणि बोट आली. तोवर तो हलला नाही. स्वतः सहज परत जाऊ शकला असता, दुपार हातची गेली, तरी बसून राहिला. बोटीवर मला चढवलं, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि वाऱ्याची पहिली झुळूक आल्यावर निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तुमच्या कलमाप्रमाणे त्यानं काय करायला हवं होतं? किनाऱ्यावर जाऊन कर्मचाऱ्याला कळवायला हवं होतं. कर्मचारी वरिष्ठांना विचारणार, मी सदस्य आहे का ते बघितलं जाणार, मग बोट. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे हात साधारण दहा मिनिटं कामाचे राहतात, मग बोटांनी साधी कडीसुद्धा उघडत नाही. ही दहा मिनिटं तुमच्या कागदी प्रवासात संपतात.

समुद्रावरचा कायदा या बाबतीत तुमच्या उलट दिशेला उभा आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं ९८ वं कलम सांगतं की समुद्रात जीव धोक्यात असलेला कुणीही आढळला तर स्वतःचं जहाज, खलाशी आणि प्रवासी गंभीर धोक्यात न घालता शक्य तेवढी मदत करणं हे कप्तानाचं कर्तव्य, आणि ते त्याच्याकडून करून घेणं हे देशाचं. सागरी जीवितसुरक्षेच्या करारात तर स्पष्टच म्हटलंय की त्या माणसाचं राष्ट्रीयत्व काय, दर्जा काय हे बघायचं नाही. कीस काढायचा तर काइटबोर्ड म्हणजे जहाज नव्हे आणि मी कप्तान नव्हे, हे मला कळतं. पण टायटॅनिक बुडाल्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ साली, ज्या कराराची सुरुवात झाली त्यात शंभर वर्षं मुरलेलं शहाणपण एका किनाऱ्याच्या नियमावलीनं उलटं करावं, याला काहीतरी जबर कारण हवं. फ्रान्स आणि जर्मनीत तर स्वतःला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणं हा सामान्य नागरिकासाठीही गुन्हा आहे. तुमच्या नियमात मदत करणं हा गुन्हा.

शर्यतींचं बघा. तिथे तर सेकंदासेकंदाचा हिशेब. तरी शिडाच्या शर्यतींच्या जागतिक नियमपुस्तकातला अगदी पहिला नियम, १.१, वारा किंवा वळणाबद्दल नाही. संकटात असलेल्या कुठल्याही माणसाला किंवा होडीला शक्य ती सर्व मदत केलीच पाहिजे, असा आहे. ज्यानं मदतीत वेळ घालवला त्याला भरपाई मागता येते. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये बुसानजवळच्या समुद्रात कॅनडाचा लॉरेन्स लेमिये फिन या एकट्यानं चालवायच्या होडीच्या वर्गाच्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा सुमारे ३५ नॉट. वेगळ्या वर्गाच्या शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटलेली त्याला दिसली, दोन खलाशी पाण्यात. त्यानं शर्यत सोडून होडी वळवली, दोघांना उचललं, गस्ती बोटीच्या स्वाधीन केलं आणि मग पुढे निघाला. पंचांनी त्याला त्या शर्यतीचा दुसरा क्रमांक परत दिला.

२०२० च्या वांदे ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्यानं न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, केव्हिन एस्कोफिए याची होडी दक्षिणेच्या समुद्रात लाटेवर आपटून मोडली. तो तराफ्यावर. शर्यतीतल्या चार जणांनी मार्ग बदलला. शेवटी त्याला रात्रीच्या अंधारात उचललं ते झां ल काम या साठी ओलांडलेल्या खलाशानं. याच ल कामला २००९ मध्ये केप हॉर्नजवळ उलटलेल्या होडीतून दुसऱ्या एका स्पर्धकानं, व्हँसां रियूनं बाहेर काढलं होतं. मदतीला गेलेल्या यानिक बेस्तावेनला १० तास १५ मिनिटं परत मिळाली आणि रेषा तिसरा ओलांडूनही शर्यत तो जिंकला. पहिला आलेला माणूस दुसरा ठरला. जगातल्या सगळ्यात खडतर शर्यतीचा निकाल मदतीच्या तासांनी फिरला आणि नियमानं ते योग्य मानलं.

अभिलाष टॉमींचं आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्यानं करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत त्यांची 'थुरिया' वादळात उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर मार लागला. फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजानं त्यांना उचललं, हे बातम्यांत आलं. पण त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाचीही डोलकाठी मोडली होती, आणि तो जुगाडाचं शीड उभारून टॉमींच्या दिशेनं निघाला होता, हे कमी जणांच्या लक्षात राहिलं. स्वतःचीच होडी अर्धी झालेली असताना! याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत, २०२२ मध्ये, कर्स्टन नॉयशेफर हिनं बुडालेल्या होडीतून बाहेर पडलेल्या तापियो लेहतिनेनला तराफ्यावरून उचललं, दुसऱ्या जहाजावर पोचवलं, पुन्हा शर्यतीला लागली आणि जिंकली. टॉमी त्या वेळी दुसरे आले.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहिलं ते तुमच्या पुढच्या तरतुदीमुळे. पाण्यात उतरण्यासाठी वेळेचे गट पाडलेत, हे ठीक. पण दुसऱ्याला ओढून आणण्यात ज्याचा गट संपला, त्याला उशिरा बाहेर आल्याचा दंड? असा दंड किनाऱ्यावर एकाला झालेला आहे. शर्यतीतल्या माणसाला पंच वेळ परत देतात आणि हौशी माणसाकडून तुम्ही वेळ वसूल करता. याचा खुलासा मला समितीकडून हवा आहे.

गस्ती बोटीबद्दल थोडक्यात. बिगर-सदस्याला सोडवल्यास शुल्क आकारलं जाईल, असं लिहिलंय. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय तारण करारात मालमत्ता वाचवण्याचा मोबदला मागता येतो; ज्याचा जीव वाचवला त्याच्याकडून मात्र मोबदला देय नसतो. काइट ओढून आणायचे पैसे घ्या हवे तर. माणसाचे नको. पैशाच्या भीतीनं लोक हात वर करायला उशीर करतात, आणि पाण्यातला उशीर म्हणजे बुडत्याचा पाय खोलात.

मग ती पेटी. कंटेनरच्या भिंतीला टेकून एक जुनी प्लास्टिकची पेटी असायची, ती तुम्ही 'बेवारस सामान' म्हणून हलवलीत. ती बेवारस नव्हती, ती सगळ्यांची होती. तिच्यात पंप होता, त्याच्या नळीची वेगवेगळ्या व्हॉल्व्हना बसणारी टोकं, कापड चिकटवायची टेप, बोर्डखालच्या फिनचे (पंखाचे) स्क्रू, विंडसर्फिंगच्या मास्टचा एक जादा रबरी सांधा, कुणाच्या तरी तुटलेल्या लाइनचे कापून ठेवलेले तुकडे. झाकणावर कुणीतरी मार्करनं लिहिलं होतं, घ्या, पण परत ठेवा. एका स्क्रूपायी दिवस वाया जाणं काय असतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच त्या पेटीची किंमत कळेल. पेटीशेजारचा फळाही गेला. त्यावर लोक खडूनं लिहायचे: ओहोटीला डावीकडचा खडक उघडा पडतो, जेलीफिश आलेत, पुलाच्या बाजूनं वाऱ्याचे झोत येतात. तिथे आता नियमांची पाटी आहे. नवख्या माणसाला पाटीवरून दंड कळतो, खडक कळत नाही.

एक वेगळीच गोष्ट सुटून जाईल म्हणून इथेच सांगतो. पाण्यात सापडलेला बोर्ड किंवा काइट कार्यालयात जमा करायचा आणि तो सोमवारी नोंदवहीत चढणार, अशी नवी पद्धत आहे. रिकामा बोर्ड तरंगताना दिसला की त्याचा अर्थ दोनांपैकी एक: कुणाचा तरी हातातून सुटला, किंवा कुणीतरी बुडतंय. बचाव पथकाला दुसरं गृहीत धरूनच निघावं लागतं. आम्ही बोर्डवर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतो ते यासाठी. बोर्ड सापडला की लगेच फोन, मालक सुखरूप घरी असला तर शोध थांबवायचा, फोन उचलला नाही तर शोध सुरू. सोमवारपर्यंत थांबण्याची ही गोष्टच नव्हे.

आमच्या मंडळींचंही एकदा बोलून टाकतो, नाहीतर वाटेल की इथे सगळे संत राहतात. तसं नाही. नवख्यावर किनाऱ्यावरून खेकसणारे आहेत. न विचारता दुसऱ्याच्या काइटची सेटिंग बदलणारे आहेत, ते तर मदतीच्या नावाखाली धोका वाढवतात. माणूस पाण्यात धडपडतोय आणि हे मोबाइलवर चित्रण करतायत, असेही दिसले. आणि विंग फॉइल (हातात धरायचं फुगीर शीड आणि पाण्याखालच्या पंखावर उचलला जाणारा बोर्ड) आल्यापासून एक बदल झालाय: विंगला लाँच करायला दुसरा माणूस लागत नाही, त्यामुळे काही जण गाडीतून उतरून थेट पाण्यात जातात, कुणाशी नजरही मिळवत नाहीत. त्यांचा दोष नाही, त्यांना गरजच पडत नाही. पण काइटवाल्यांना पडते, आणि त्या गरजेतूनच इतकी वर्षं या किनाऱ्यावर माणसं एकमेकांना धरून राहिली. काइट धरून दिला की मागाहून दोन शब्द होतात, मग लाइन जुनी झालीय हे कुणीतरी सांगतं, मग कोण अजून पाण्यात आहे हे मोजायची सवय लागते. ही सवय महत्त्वाची. अंधार पडताना किनाऱ्यावर शेवटी उरलेला माणूस पाण्याकडे बघून 'एक पिवळा काइट आत होता, तो आला का?' असं विचारतो. हे त्याला कुणी नेमून दिलेलं काम नाही. मदतीला दंड लावलात तर तो विचारणं सोडून देईल, आणि त्या जागी नेमायला तुमच्याकडे माणूस नाही.

त्यामुळे मागण्या स्पष्ट लिहितो.

अनोळखी व्यक्तीला मदत करण्यावरची बंदी आणि त्यासाठीची शिक्षा पूर्ण काढून टाका. तिच्या जागी एवढंच असू दे: ज्याला काम येतं त्यानं, स्वतःला धोका न घालता, जरूर मदत करावी, मदतीला निघतानाच जमेल तसं कर्मचाऱ्याला कळवावं. सद्‌हेतूनं केलेल्या मदतीबद्दल समिती सदस्यावर कारवाई करणार नाही, हे एक वाक्य लेखी हवं. लोक वाक्यावाचून बिचकतात.

ज्याला काम येत नाही त्याला शिकवा. अर्ध्या तासाचा वर्ग पुरेल: काइट कसा धरायचा, कधी सोडायचा नाही, खुणा कुठल्या, पडलेल्या काइटजवळ वाऱ्याच्या वरच्या बाजूनंच का जायचं, मोकळ्या लाइन्सपासून लांब का राहायचं. सदस्यत्व देताना हा वर्ग सक्तीचा करा. बाहेरून आलेल्यासाठी खुणांची चित्रं पाटीवर लावा. ती दंडाच्या रकमेपेक्षा मोठी छापा.

मदतीत गेलेला वेळ त्या माणसाला परत द्या, आणि आधी आकारलेला दंड रद्द करा.

गस्ती बोट माणसासाठी सगळ्यांना सारखी निघाली पाहिजे. सदस्यत्वाची चौकशी बोट परत आल्यावर करा.

पेटी आणि फळा परत जागेवर. पेटी कुणाच्या जबाबदारीवर हा प्रश्न असेल तर माझं नाव घाला.

सापडलेल्या सामानाची माहिती त्याच क्षणी मालकाला आणि बचाव पथकाला, नोंदवही मागाहून.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. वर्ग घ्यायला आमच्यातले प्रशिक्षक एक पैसा न घेता तयार आहेत, तशी त्यांच्याशी बोलणी झालेली आहेत, आणि चित्रांचा आराखडाही तयार आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि आम्हाला तिथे बोलू द्यावं. बैठकीची तारीख कळवलीत तर आदल्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर या, वारा असेल तर सदस्यांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांना काइट धरायला शिकवतो.

तोवर एक गोष्ट लेखी कळवून ठेवतो. हे कलम लागू असलं तरी कुणी डोक्यावर हात थोपटत किनाऱ्याला आला तर मी त्याचा काइट धरणार आहे आणि पाण्यात कुणी हात पसरून हलवताना दिसला तर जाणार आहे. त्याबद्दल जी कारवाई करायची ती माझ्यावर करा, त्याच्यावर नको.

आपला नम्र,
समितीचा एक सदस्य आणि काइटसर्फर